उतारशाळेचे दार

श्रोतेहो, नमस्कार. डिसेंबरचा पहिला आठवडा सरत आला की शाळाशाळांतून नाताळच्या सजावटीची लगबग सुरू होते, आणि अलीकडे त्या लगबगीत वर्गाच्या दाराला विशेष मान मिळू लागला आहे. वसईच्या पट्ट्यातील मराठी शाळांत चित्रकला शिकवण्यात माझी नोकरी गेली, म्हणून आजच्या भाषणाचा विषय मी तेवढाच ठेवला आहे: मुलांना बरोबर घेऊन नाताळासाठी वर्गाचे दार कसे सजवावे.

फलकावर जे चित्र शोभते ते दारावर टिकेलच असे नाही, कारण फलक जागचा हलत नाही आणि दार मात्र दिवसभर उघडते आणि मिटते. त्यातही आपल्या शाळांची दारे बहुधा दोन झडपांची आणि आत उघडणारी असतात. शाळा भरते तेव्हा दोन्ही झडपा आतल्या भिंतीला टेकवून ठेवल्या जातात. याचा अर्थ असा, की मुलांनी मोठ्या हौसेने दाराच्या बाहेरच्या अंगाला लावलेली सजावट व्हरांड्यातून जाणाऱ्याला दिसतच नाही. ती दिसते वर्गात बसलेल्या मुलांना. आणि आतल्या अंगाला काही लावले, तर ते दार मिटेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहते. म्हणून कागद, कात्री, खळ यांपैकी कशालाही हात लावण्याआधी मुलांना दारापाशी न्यावे, दार उघडावे, मिटावे आणि पुन्हा उघडावे, आणि प्रत्येक वेळी कोणाला काय दिसते ते मुलांनाच विचारावे. हे मी पुन्हा सांगते, कारण घाईत नेमके हेच राहून जाते: दार आधी उघडून आणि मिटून पाहावे, मग कागद आणावा.

साहित्याविषयी फार बोलण्यासारखे नाही. घोटीव कागद, पतंगाचा कागद, कार्डपेपर आणि सुतळी एवढ्यावर काम भागते. खळ कशी शिजवायची ते प्रत्येक घरात ठाऊक आहे. फक्त कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत मुलांच्या हाताशी असलेल्या खळीला लावू नये, कारण मोरचूद विषारी असते. बिजागरीवरून कागद नेला तर तो पहिल्याच दिवशी फाटतो, आणि दोन झडपांच्या मधल्या फटीवर एखादी आकृती चिकटवली तर दार उघडताच तिचे दोन तुकडे होतात. थर्मोकोलचा प्रश्नच उरलेला नाही. महाराष्ट्र शासनाने 2018 मध्ये सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, आणि त्याचे पांढरे कण वर्षानुवर्षे वर्गातून झाडून काढलेल्या माझ्यासारखीला त्या बंदीचे दुःख झाले नाही.

आता कापसाविषयी. दाराच्या वरच्या कडेला कापूस चिकटवून बर्फ दाखवण्याची जी रूढी आपल्याकडे पडली आहे, ती मला मुळीच मान्य नाही. येशूचा जन्म जिथे झाला ते बेथलेहेम डोंगरावरचे गाव आहे आणि तिथे क्वचित बर्फ पडतो हे खरे. परंतु वसईच्या मुलांनी बर्फ पाहिलेला नसतो, त्यांनी पाहिलेला असतो तो पेंढा. डिसेंबरात भाताची झोडणी उरकलेली असते, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या असतात आणि वाडीत झावळ्या हव्या तेवढ्या पडलेल्या असतात. हे सगळे फुकट मिळत असताना दवाखान्यातला कापूस दारावर का डकवावा, हे मला अजून उमगलेले नाही. सजावटीच्या स्पर्धांविषयीही माझे मत असेच कडू आहे. पहिले बक्षीस ज्या दाराला मिळते, त्या वर्गाच्या बाईंचा हात चांगला असतो, एवढेच त्या बक्षिसावरून सिद्ध होते. असो.

दार उघडून आणि मिटून पाहण्याने काय साधते, ते एका सातवीच्या वर्गाच्या उदाहरणाने सांगते. त्या वर्गाला मी दारापाशी उभे केले आणि नेहमीप्रमाणे विचारले, की मिटलेले दार पाहून काय आठवते. कोणी सुट्टी म्हणाले, कोणी दंड म्हणून बाहेर उभे राहणे म्हणाले. मागे उभा असलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, उतारशाळा." नाताळची कथा त्याने घरी आणि देवळात दरवर्षी ऐकलेली होती. मरिया आणि योसेफ बेथलेहेमला आले, उतारशाळेत, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाच्या जागेत, त्यांना जागा मिळाली नाही, आणि बाळाला गव्हाणीत ठेवावे लागले. तेव्हा दाराचे बाहेरचे अंग म्हणजे उतारशाळा आणि आतले अंग म्हणजे गोठा, असे त्या मुलाने सुचवले आणि वर्गाने ते उचलून धरले.

लगेच वाद सुरू झाला. एकाला उतारशाळेचा मालक खिडकीतून डोकावताना काढायचा होता. मी बायबलातले लूकचे शुभवर्तमान आणून दुसरा अध्याय वर्गात वाचायला लावला, आणि मुलांच्या ध्यानात आले की तिथे मालकाचा उल्लेखच नाही. जागा नव्हती एवढेच सांगितलेले आहे. मग मालक रद्द झाला आणि त्याच्या जागी एक पाटी आली. पुठ्ठ्यावर काळ्या रंगाने, सरकारी कचेरीत असतात तशा ठसठशीत अक्षरांत, मुलांनी लिहिले: "उतारशाळा. जागा नाही. हुकुमावरून." त्याच वाचनात असेही दिसले, की लूकच्या कथेत गोठ्यातल्या बैलाचा किंवा गाढवाचाही उल्लेख नाही. बैल आणि गाढव यशयाच्या ग्रंथातील एका वचनावरून पुढे चित्रांत आले. हे कळताच ज्याच्या घरी दुभते जनावर होते त्या मुलाने म्हशीचा आग्रह धरला, आणि शास्त्राधाराने त्याला नाही म्हणणे कोणालाही जमले नाही. त्यामुळे आमच्या गोठ्यात गव्हाणीमागून एक म्हैस मान काढून पाहत होती, आणि तिची शिंगे दाराच्या कडीला अडकू नयेत म्हणून मुलींनी ती मागे वळवून कापली होती.

मरियेला मुलींनी आजीच्या लुगड्यासारखे लाल चौकडीचे लुगडे नेसवले. कोणाला हे खटकत असेल तर त्यांनी आंजेलो दा फोन्सेका या गोमंतकीय चित्रकाराची चित्रे पाहावीत. 1902 ते 1967 हा त्यांचा काळ. शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांच्या हाताखाली ते शिकले, पुढे पुण्यात राहिले आणि त्यांनी मरियेला साडीत रंगवले. त्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. आज त्याच चित्रांचे कौतुक होते. मुळात गोठ्याचा देखावा मांडण्याची प्रथाच स्थानिक माणसे आणि जनावरे घेऊन रूढ झालेली आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसांनी 1223 साली इटलीतील ग्रेच्यो या गावी देखावा केला तो गावातल्याच गवताने आणि गावातल्याच बैल-गाढवाने.

आता मूळ गोष्ट. बाहेर उतारशाळा झाली, आत गोठा झाला, आणि मुलांनी आपसात एक नियम केला. दार लोटलेले ठेवायचे, बाहेरून कोणी ठोठावले की सगळ्या वर्गाने एका आवाजात "जागा नाही!" असे ओरडायचे, आणि बाहेरच्याने "गोठा तरी आहे का?" असे विचारले तरच उजवी झडप उघडायची. दोन दिवसांत हा परवलीचा प्रश्न सगळ्या शाळेला पाठ झाला. खडू मागायला येणारी पाचवीतली मुले तो विचारत, आणि सूचनावही घेऊन येणारे शिपाईमामा सुरुवातीला कुरकुरत असत, ते पुढे पुढे चालीवर म्हणू लागले.

अशात एके दिवशी तपासणीसाठी एक अधिकारी शाळेत आले. त्यांना प्रत्येक वर्गाचा पट आणि प्रत्यक्ष हजेरी ताडून पाहायची होती. मुख्याध्यापक फादर त्यांना घेऊन व्हरांड्यातून निघाले. मी वर्गात मागच्या बाजूला पताका चिकटवत होते आणि माझे दोन्ही हात खळीने भरलेले होते; बाहेर काय झाले ते मला शिपाईमामांनी नंतर सविस्तर सांगितले. अधिकाऱ्यांनी दारावर सभ्यपणे टकटक केली. आतून पन्नासेक मुलांनी सांगितले, "जागा नाही!" अधिकारी थबकले. त्यांनी पुन्हा ठोठावले. आतून अधिक उत्साहाने उत्तर आले, "जागा नाही!" तेव्हा फादरांनी आपल्या भारदस्त आवाजात "दार उघडा" असे फर्मावले. कथा फादरांना ठाऊक होती, परवलीचा प्रश्न नव्हता, आणि कोणीतरी फादरांची नक्कल करत आहे अशी मुलांची पक्की समजूत झाल्यामुळे या वेळचे "जागा नाही!" शेजारच्या मैदानापर्यंत ऐकू गेले. एवढ्यात अधिकाऱ्यांची नजर पाटीवर गेली. त्यांनी ती वरपासून खालपर्यंत, "हुकुमावरून"सह वाचली आणि ते फादरांना म्हणाले, "या वर्गाचा पट पूर्ण भरलेला दिसतो."

तेवढ्यात साहेबांचा चहा घेऊन शिपाईमामा मागून आले. आपल्यापुढे कोण उभे आहे याची फिकीर न करता त्यांनी सवयीने सूर लावला, "गोठा तरी आहे का?" आणि झडप उघडली. आधी चहाचा ट्रे आत आला, त्यामागून अधिकारी आले आणि शेवटी फादर. वर्ग उभा राहिला, आणि दारात कोण होते ते पाहून एकदम चिडीचूप झाला. अधिकारी मात्र शांत होते. त्यांनी विचारले, "गोठा कुठे आहे?" पहिल्या बाकावरच्या मुलीने उत्तर दिले, "साहेब, दार लावल्याशिवाय गोठा दिसत नाही." तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. दार लावले गेले, साहेबांनी चहा घेत गोठा पाहिला, म्हशीची चौकशी केली, आणि गव्हाण रिकामी पाहून बाळ कुठे आहे असे विचारले. बाळ चोवीस तारखेच्या रात्री येते, तोवर गव्हाण रिकामी ठेवतात, असे मुलांनी त्यांना समजावले. मग त्यांनी पटाचे पुस्तक उघडले आणि वर्गनायकाला हजर मुलांची संख्या विचारली. तो उभा राहिला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाला, "साहेब, बाळाला धरून सांगू की सोडून?"

तपासणीच्या शेऱ्यात काय लिहिले गेले ते मला कोणी दाखवले नाही. पाटी मात्र पुढे कामाला आली. जून महिन्यात प्रवेशासाठी पालकांची रांग लागली तेव्हा कार्यालयातल्या लेखनिकांनी ती माळ्यावरून काढली, "उतारशाळा" या शब्दावर कागद डकवला आणि बाकीचा मजकूर तसाच ठेवून खिडकीला टांगली.

या सगळ्यात करण्यासारखे काय आहे ते थोडक्यात सांगते. दार दोन अंगांचे असते, तेव्हा दोन्ही अंगांचा विचार करावा. दार मिटलेले असताना एक आणि उघडलेले असताना दुसरे असे काही मुलांना सुचू द्यावे. गव्हाण रिकामी ठेवावी. बाळाची आकृती वेगळी कापून पाकिटात घालून ठेवावी, म्हणजे सुट्टी लागण्याच्या दिवशी ती एखाद्या मुलाकडून लावून घेता येते. रंगांच्या बाबतीत लाल आणि हिरव्यावरच अडून बसू नये. नाताळाआधीच्या चार रविवारांचा जो आगमनकाळ, त्याचा रंग जांभळा आणि तिसऱ्या रविवारचा गुलाबी, हे ख्रिस्ती मुलांना माहीत असते आणि इतरांना ते सांगायला त्यांना आवडते. हिरवळ हवी असल्यास पसरट टोपलीत नाचणी पेरून ती उंबरठ्याच्या बाजूला ठेवावी. आठ-दहा दिवसांत ती वर येते आणि पाणी घालण्याची पाळी मुले आपसात लावून घेतात.

सजावट उतरवण्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. नाताळच्या सुट्टीनंतर शाळा उघडते तेव्हा तीन राजांचा सण, म्हणजे 6 जानेवारी, जवळ आलेला असतो. तोपर्यंत दार तसेच ठेवण्यास हरकत नाही. हे राजे किती होते ते मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितलेले नाही. सोने, ऊद आणि गंधरस या भेटी तीन, म्हणून राजे तीन ठरले, आणि तीन राजांपुरती जागा उजव्या झडपेवर बरोबर निघते. त्यानंतर सारे मुलांकडूनच उतरवून घ्यावे. खळीने लावलेला कागद ओल्या फडक्याने दाबून ठेवला की थोड्या वेळात सुटतो. चिकटपट्टी ओढून काढली तर दाराचा रंग तिच्याबरोबर येतो, म्हणून तिच्यावर आधी खोबरेल तेलाचा बोळा फिरवावा आणि मग ती कडेपासून सावकाश सोडवावी. पेंढा ज्याच्या घरून आणला असेल त्याच्या घरी परत द्यावा.