पाऊस पडलेली पहाट

(दृश्य: सोलंग खोरं, पहाट, ढग खाली उतरलेले)

मार्चचा शेवट. मनालीच्या वर, धुंदी नावाच्या ठिकाणाच्या वाटेवर पहाटेचे साडेपाच. पाऊस पडतोय, पण बर्फावर पडतोय, म्हणून आवाज नाही.

सह्याद्रीतून हिमालयात येणाऱ्या ट्रेकरला एक धडा पाठ असतो: हिमस्खलन टाळायचं, तर उतार ओलांडायचा तो उन्हाच्या आधी. रात्री बर्फ गोठून कडक झालेला असतो. धडा खराच आहे, पण मोकळ्या आकाशाच्या रात्रीपुरता. ढगाळ रात्री बर्फातली ऊब बाहेर पडत नाही. वर पाऊस असला, की पहाटेही बर्फ दुपारसारखाच मऊ.

(दृश्य: हात, जवळून)

वाटाड्यांनी हातमोजा काढून मूठभर बर्फ उचलला. कोरडा असता तर पिठासारखा बोटांतून निसटला असता. याचा उकडीसारखा गोळा वळला. मूठ दाबली, आणि मनगटावरून पाणी ओघळलं.

(दृश्य: खणलेल्या खड्ड्याची भिंत)

वरचा थर भिजलेला, दाणेदार. त्याखाली ही काचेसारखी पातळ खपली, मागे कधीतरी वितळून पुन्हा गोठलेली. पाणी बर्फाच्या कणांचे सांधे सोडवत झिरपतं आणि या खपलीवर अडतं. म्हणजे वर जड ओझं, खाली निसरडं. 30 ते 45 अंशांच्या उतारावर हिमस्खलनाला एवढं पुरतं. ताज्या बर्फावर पाऊस सुरू झाला, तर पहिल्या तासाभरातच बर्फाचा थर सुटू शकतो.

समोर पाहा. लहान लहान गोळे घरंगळताहेत, मागे रेघा उमटताहेत. उतार आधी असा बोलतो.

(दृश्य: बर्फाचा थर सुटतो. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

हिमस्खलन झालं, की इथले लोक म्हणतात, 'ग्लेशियर आया'. धुरळा नाही, पांढरा ढग नाही. घट्ट लापशीसारखा घळीतून उतरला, आणि थांबताच असा आवळला की फावडं टणकन उलटतंय.

28 फेब्रुवारी 2025 ला बद्रीनाथजवळ माणा इथे हिमस्खलनात रस्त्याचे 54 कामगार अडकले, त्यांतले 8 जण गेले. इशारा आदल्या दिवशीच निघाला होता.

(दृश्य: तंबू, स्टोव्ह)

परतीची तिकिटं परवाची आहेत, असं कुणीतरी पुन्हा सांगून पाहतं. वाटाडे चहात साखर घालतात. दोर पिशवीतच आहे.