मिक्सर, मंडप आणि पंचावन्न डेसिबल

आधी माझाच गुन्हा कबूल करतो. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीत मी रोज पहाटे साडेपाचला मिक्सर लावायचो. डब्यासाठी चटणी. सहा-सात वर्षं हे चाललं. एकदा खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, “तुमची चटणी मला रोज उठवते हो, चव मात्र अजून कळली नाही.” त्या दिवसापासून चटणी रात्रीच वाटून फ्रीजमध्ये जाऊ लागली. काकूंकडे एक वाटी गेली, हे सांगायला नकोच.

“बघा, माणसं समजूतदार असली की सरकार मध्ये कशाला हवं?” असं मीही बरीच वर्षं म्हणायचो. पण काकू मला बोलू शकल्या, कारण माझी त्यांना भीती नव्हती. कोपऱ्यावरच्या मंडपात त्या गेल्या असत्या का? अहो, मीच गेलो नाही. रात्री साडेअकराला खिडकीच्या काचा थरथरत होत्या. चपला घातल्या, दोन जिने उतरलो, फाटकापाशी उभा राहिलो. समोर वर्गणीला येणारी तीच मुलं, आणि त्यांच्या डोक्यावर ज्यांचा फोटो, ते कोण ते तुम्हाला ठाऊक आहे. गुपचूप वर आलो आणि कानात कापूस घातला.

मग नियम वाचले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. (म्हणजे माझा मिक्सरही रात्रीतलाच!) सणासुदीला वर्षातले फार तर १५ दिवस लाउडस्पीकरची वेळ १२ पर्यंत वाढवायची मुभा राज्य सरकारला आहे. आणि आवाज मर्यादेच्या वर १० डेसिबल किंवा त्याहून जास्त गेला, तर कोणीही तक्रार करू शकतो. दहाच ना, असं वाटतं. पण डेसिबल किलोसारखे चढत नाहीत. दहाने वाढले की आवाजाची ऊर्जा दसपट होते. एका ढोलाच्या जागी दहा ढोल! दिवसा तरी तेवढं होईपर्यंत आपण गप्प बसायचं, असा त्याचा साधा अर्थ.

ठाण्यातल्याच एका डॉक्टरांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने सविस्तर निकाल दिला. तक्रारदाराचं नाव उघड होऊ नये, हा त्यातला मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. काकूंसारख्यांना मंडपाशी बरोबरीने उभं राहायला तेवढाच आधार.

हॉर्नचं मात्र वेगळं. तीन हात नाक्यावर सिग्नल हिरवा व्हायच्या आधीच मागून पों पों सुरू होतं. तिथे गाडीगणिक हवालदार कुठून आणणार? तिथे आपला अंगठाच आवरायला हवा. माझा अजून पूर्ण आवरलेला नाही.

पुढच्या वर्षी मंडपातला आवाज चढला तेव्हा मी पोलिसांना फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न, “नाव काय?” म्हटलं, ते सांगायची गरज नाही. जरा वेळ काहीच आवाज नाही, मग “बघतो.” पाऊण तासाने स्पीकर बंद झाले.

दुसऱ्या दिवशी मंडपातला एक मुलगा फाटकापाशी भेटला. “काका, काल कोणी कंप्लेंट केली, काही कळलं का?”

“नाही बुवा,” मी म्हणालो. त्याने माझ्या हातावर प्रसाद ठेवला.