मंगळवारी वर्गात कोण?

सकाळचे पावणेसात. आई डब्यासाठी पोळीचे चार चौकोन कापतेय. अगदी सारखे. एक जरी वाकडा निघाला तर डबा तसाच परत येतो.

मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न. एप्रिल संपत आलाय आणि पहिलीचं अजून ठरत नाहीये.

खासगी इंग्रजी शाळा घरापासून दहा मिनिटांवर. शिक्षण हक्क कायद्यानं (आरटीई) अशा शाळांत राखलेल्या २५ टक्के जागांसाठी दिव्यांग मुलं वंचित घटकात धरतात, २०१२ च्या दुरुस्तीपासून. उत्पन्नाचा दाखला लागत नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं, किमान ४० टक्क्यांचं. लॉटरीत नाव लागलं. फी माफ! भेटायला गेल्यावर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, “शॅडो टीचरचं मात्र तुम्हीच बघा हं.” म्हणजे दिवसभर मुलाशेजारी बसणारी ताई, आणि तिचा पगार घरून. वर्गात चाळीस मुलं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला चौदा. गुरुजी म्हणाले, “पाठवा की, बघू.” या ‘बघू’वर आईची एक रात्र गेली. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक तालुकाभर फिरतात, इथं त्यांचा वार गुरुवार. प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असं केंद्राची २०२२ ची अधिसूचना सांगते. दहा मुलं दहा गावांत असली की त्या एका शिक्षकाचा निम्मा दिवस मोटरसायकलवरच जातो. मग मंगळवारी वर्गात कोण?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं तिसरी वाटही दिलीय: ६ ते १८ वयापर्यंत, हवी असेल तर विशेष शाळा, तीही मोफत. ती जिल्ह्याच्या गावी. एसटीनं दीड तास. तो विषय घरात एकदाच निघाला.

जिल्हा परिषदेची शाळा बघायला गेले त्या दिवशी रुळाच्या तुकड्यावर घंटा वाजली. मुलानं कान दाबले, उंबऱ्यातच बसला. गुरुजी काही बोलले नाहीत. पुढच्या तासाला घंटा झालीच नाही; चौथीतला एक पोरगा प्रत्येक वर्गाच्या दारात जाऊन “तास संपलाऽ” म्हणून आला.

एवढ्यावरून शाळा निवडायची? लोक हसतील. मला तरी हे कारण माहितीपुस्तिकेपेक्षा भक्कम वाटतं.

अर्जावर सही झालीय. आईनं शिलाईची कामं संध्याकाळवर ढकललीत. जूनपासून गुरुवार सोडून रोज ती पहिलीच्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बस्करावर बसणार आहे. निदान दिवाळीपर्यंत.