गॅलरीतली काडीपेटी

नमस्कार मंडळी. विषय तुम्ही 'आजारी जोडीदाराची काळजी' असा दिलात. मी त्यातलं एकच दुखणं घेते, कारण ते माझ्या घरचं आहे. आमच्या यांना सीओपीडी आहे. श्वासनळ्या सुजून अरुंद झाल्यात, फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे फाटलेत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आहे. आणि हे अजूनही बिडी ओढतात. समोर काही बायकांनी माना हलवल्या, म्हणजे तुमच्याही घरी असणार.

कितीतरी वर्षं मी पहारा दिला. खिसे तपासले, उशीच्या खोळी उलट्या केल्या, कोपऱ्यावरच्या पानठेल्यावर जाऊन "यांना देऊ नका" म्हणून भांडले. मुलीची शपथ घातली. हे म्हणायचे, "काहून जीव खातेस? सोडतो ना." सोडायचे नाहीत, लपवायचे.

मागच्या हिवाळ्यात चादर बदलताना उशीजवळ हरभऱ्याच्या दाण्याएवढं भोक दिसलं. कडा तपकिरी, कडक झालेल्या. शेजारीच नाकात लावायची नळी पडलेली. मी होते तिथेच खाली बसले. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण एवढ्याशा ठिणगीचा भडका करतो. चादरीत, स्वेटरमध्ये, मिशीतसुद्धा तो मुरून राहतो. मला भिऊन हे मी झोपल्यावर पांघरुणात बिडी ओढत होते. माझ्या पहाऱ्यानं बिडी सुटली नव्हती, ती फक्त मशीनच्या जवळ आली होती.

त्या दिवशी मी भांडले नाही. दोघं बसून ठरवलं. घरात बिडी नाही. ओढायचीच असेल तर मशीन बंद करायचं, नळी काढायची, अंगातला स्वेटर बदलायचा, थोडा वेळ थांबायचं आणि मग गॅलरीत जायचं. काडीपेटी गॅलरीच्या कोनाड्यात, खिशात नाही. मुलगी फोनवर रडली, "आई, तू तर परवानगीच दिलीस." तिचं बोलणं मला आजही टोचतं. बिडी सोडण्याइतकं सुरक्षित दुसरं काही नाही, हे मीही जाणते. पण त्या भोकाच्या आदल्या रात्री मी शेजारच्या खोलीत गाढ झोपले होते, हेही विसरता येत नाही.

एक फरक पडला. लपवणं थांबलं. पूर्वी डॉक्टरांपुढे "दोनच ओढतो" असायचं, आता "काल सहा झाल्या" म्हणतात. खऱ्या आकड्यावर डॉक्टरांना काही करता येतं. श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड बिडी ओढणाऱ्याला कमी लागू पडतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

सोडणं म्हणजे निव्वळ मनावर घेणं, असं मी फार वर्षं समजत होते. निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं आणि दोनेक तासांत रक्तातलं निम्मं होतं. मग चिडचिड, बेचैनी, झोप उडणं. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. उठल्यावर अर्ध्या तासात ज्याला पहिली लागते, तो खोल अडकलेला. आमच्या यांना चहाआधी लागते. रेल्वेतल्या रात्रपाळ्यांपासूनची सवय. अशा माणसाला गोळ्या, निकोटिनचा गम किंवा पट्टी आणि समुपदेशन, असं सगळं मिळून लागतं. पाकिटावर तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर छापलेला असतो. तो मी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय. फोन मात्र त्यांनी लावायचा.

आणि बिडी सौम्य, हे मनातून काढा. आपल्या विदर्भात तेंदूपत्त्यावर कितीतरी घरांची चूल पेटते, म्हणून ती आपली वाटते. ती विझू नये म्हणून सिगारेटपेक्षा घाईघाईनं झुरके घ्यावे लागतात. "आता सोडून काय फायदा?" असं हे विचारतात. फाटलेलं फुप्फुस शिवता येत नाही, पण पुढची घसरण मंदावते, कोणत्याही वयात. हे मी दिवसातून एकदा सांगते. एकदाच.

बाकीचं माझ्या हातातलं. औषध ओढायच्या पंपाला स्पेसर, म्हणजे मधली पोकळ नळी, लावायचा, नंतर चूळ भरायला लावायची. फ्लूची लस दरवर्षी. उदबत्ती बंद, तिखटाच्या फोडणीला दार लावून खिडकी उघडायची. दम लागला की नाकानं श्वास घेऊन, ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. हे आम्ही दोघं मिळून करतो, मला पाहून त्यांची घाबरगुंडी कमी होते. बेडका हिरवट-पिवळा झाला, आणखी वाढला तर त्याच दिवशी डॉक्टर. बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळे पडले, माणूस गुंगीत बडबडू लागला, तर वाट न पाहता दवाखाना.

परवा पहाटे मशीनची घरघर थांबली. मी उठले नाही. गॅलरीचं दार वाजलं, खोकला ऐकू आला. बऱ्याच वेळानं घरघर पुन्हा सुरू झाली, तेव्हा डोळा लागला.

आता तुमचे प्रश्न विचारा. मला घाई नाही. सहा वाजेपर्यंत शेजारच्या वहिनी त्यांच्याजवळ बसल्या आहेत.