काम संपलं, छप्पर उरलं

(एकट्याने प्रवास करणाऱ्यांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी. स्वस्तातल्या, आडबाजूच्या, जगावेगळ्या मुक्कामांवर बोला असं मला सांगितलंय. मी यादी आणलेली नाही. याद्या फोनवर मिळतात आणि दोन वर्षांत शिळ्या होतात. मी एका रात्रीपासून सुरुवात करते.

स्कॉटलंडच्या डोंगरांत 'बॉथी' नावाचा प्रकार आहे. दगडी भिंती, छप्पर, आत लाकडी फळ्यांचा माच, आणि दाराला कुलूप नाही. वीज नाही, नळ नाही. बहुतेक ठिकाणी संडासही नाही. एक फावडं ठेवलेलं असतं, ते घेऊन ओढ्यापासून चांगलं लांब जायचं आणि खड्डा करायचा. आरक्षण नाही, पैसे घ्यायला कुणी नाही. मी पहिल्यांदा अशा जागी पोचले तेव्हा पाच तास पावसात चालले होते, ओढा ओलांडताना दोन्ही बुटांत पाणी शिरलं होतं आणि उजेड संपत आला होता. दार ढकललं. आत कुणी नव्हतं. शेगडीजवळ वर्तमानपत्रात गुंडाळलेली कोरड्या काटक्यांची जुडी होती, त्यावर प्लास्टिकच्या पिशवीत काडेपेटी. बाटलीच्या तोंडात खोचलेली अर्धी मेणबत्ती. खिडकीत एक फुगलेली नोंदवही. तिच्यातली शेवटची नोंद चार दिवसांपूर्वीची होती: छप्पर डाव्या कोपऱ्यात गळतं, उजवीकडचा माच कोरडा आहे, जाळायला ठेवलंय. खाली नाव नव्हतं, नुसती तारीख.

मी उजवीकडच्या माचावर झोपले. त्या माणसाला मी कधी भेटले नाही, भेटणारही नाही, पण तेव्हापासून प्रत्येक मुक्कामी पोचल्यावर पहिला प्रश्न मनात येतो तो हा, की हे इथे बांधलं कुणी आणि कशासाठी?

आज एवढंच सांगायला मी उभी आहे. आपल्याला विचित्र वाटणारी जागा बांधताना विचित्र नव्हती. तिथे कुणाचं तरी काम होतं. काम संपलं, माणसं गेली, छप्पर उरलं. मग कुणीतरी ते पडू दिलं नाही. अशी जागा स्वस्त असते, कारण ती धंदा करायला उभी राहिलेली नसते, आणि दूर असते, कारण ते कामच दूरचं होतं. हा धागा हातात आला की नव्या देशातही अशा जागा शोधता येतात. इथल्या डोंगरात, किनाऱ्यावर, जंगलात पूर्वी कोण राबत होतं, एवढं विचारायचं.

बॉथींचंच बघा. त्या मेंढपाळांच्या, गड्यांच्या, शिकारीच्या इस्टेटींवर राबणाऱ्या माणसांच्या वस्त्या. माणसं निघून गेली आणि घरं ढासळू लागली. १९६५ साली माउंटन बॉथीज असोसिएशन सुरू झाली. आज तिचे स्वयंसेवक सुमारे शंभर बॉथी सांभाळतात, मुख्यतः स्कॉटलंडमध्ये, काही उत्तर इंग्लंडमध्ये आणि वेल्समध्ये. यातली जवळजवळ एकही घर संस्थेच्या मालकीचं नाही. मालक परवानगी देतात, स्वयंसेवक पाठीवर सामान वाहून नेऊन छप्पर शाकारतात. स्काय बेटाच्या उत्तर टोकाला रुभा हुनिश इथे 'द लुकआउट' म्हणून एक बॉथी आहे. ती पूर्वी तटरक्षकांची टेहळणीची चौकी होती, त्यामुळे तिची खिडकी समुद्राकडे पसरलेली आहे. देखावा दिसावा म्हणून ती तशी ठेवलेली नाही. बोटींवर नजर ठेवायची होती.

न्यूझीलंडची गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिथे बाहेरून हरणं आणून सोडली गेली. त्यांना खाणारं जनावर तिथे नव्हतं. हरणं बेसुमार वाढली, डोंगरांवरची झाडी खाऊ लागली, माती सुटू लागली. मग सरकारने पगारी शिकारी नेमले. महिनोन् महिने डोंगरात राहायचं आणि हरणं मारायची हे त्यांचं काम. १९५६ मध्ये हे काम वनखात्याकडे आलं आणि पुढच्या वर्षांत खोऱ्याखोऱ्यांत ठरावीक नकाशाच्या लहान झोपड्या उभ्या राहिल्या, चार बंक, सहा बंक. नंतर हेलिकॉप्टरमधून शिकार व्हायला लागली आणि पायी शिकाऱ्याची गरज सरली. झोपड्या मात्र जागेवर होत्या. आज तिथलं संवर्धन खातं साडेनऊशेच्या वर झोपड्या सांभाळतं. त्यातल्या कितीतरी या शिकाऱ्यांच्या वारशाच्या आहेत आणि काही दुरून दिसाव्यात म्हणून भडक नारिंगी रंगवलेल्या. प्रसिद्ध वाटांवरच्या झोपड्या आधी आरक्षित कराव्या लागतात. आडवाटेच्या साध्या झोपड्यांना तिकीट किंवा पास पुरतो, आणि अगदी प्राथमिक, चार पत्र्यांच्या झोपड्या फुकट असतात. तिथल्या वहीत नाव लिहा, पुढे कुठे जाणार तेही लिहा. मुक्काम करणार नसलात, नुसते पाणी प्यायला थांबला असलात, तरी लिहा. तुम्ही हरवलात तर शोधायला निघालेली माणसं आधी त्या वह्या उघडतात. एकट्या माणसाच्या मागे कोण विचारणार? ती वही विचारते.

अमेरिकेत ऑगस्ट १९१० मध्ये आयडाहो आणि मोंटानाच्या जंगलांत जो वणवा पेटला त्यात दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जळून गेलं. त्या धसक्याने पुढच्या दशकांत डोंगरमाथ्यांवर हजारो टेहळणी मनोरे उभे राहिले. वर एक खोली, बहुधा चौदा फूट बाय चौदा फूट, चारी बाजूंनी काचा. मधोमध एक गोल नकाशा आणि त्यावर फिरणारी नेमपट्टी. धूर दिसला की पट्टी धुरावर लावायची आणि दिशा कळवायची. आता हे काम बरंचसं विमानं, कॅमेरे आणि उपग्रह करतात, आणि त्या मनोऱ्यांपैकी काही वनखातं रात्रीपुरते भाड्याने देतं. काही महिने आधी आरक्षण करावं लागतं, पाणी बहुधा आपलं आपण न्यावं लागतं. मी राहिले त्या खोलीत एक बुटकं लाकडी स्टूल होतं, आणि त्याच्या चारही पायांखाली जाड काचेचे पेले बसवलेले होते. आधी मला वाटलं, शोभेचं असेल. ते विजेपासून बचावासाठी होतं. वादळात डोंगराच्या सगळ्यात उंच जागी, लोखंडी सामानात, एकटा माणूस त्या काचेवर उभा राहून काम करायचा, कारण वीज नेमकी कुठे पडते हे बघायलाच तर त्याला तिथे ठेवलेलं होतं. मी त्या स्टुलावर उभी राहून पाहिलं. आकाश स्वच्छ होतं, तरी अंगावर काटा आला.

बाकीच्यांची नुसती नावं घेते. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पिजन पॉइंटचं दीपगृह १८७२ चं, त्याच्या आवारात कर्मचाऱ्यांच्या जागी हॉस्टेल आहे, म्हणजे प्रवाशांना खाट भाड्याने देणारी जागा. स्टॉकहोममध्ये 'आफ चॅपमन' हे १८८८ साली बांधलेलं शिडाचं जहाज १९४९ पासून हॉस्टेल आहे. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरातलं 'त्सेलित्सा' हॉस्टेल म्हणजे पूर्वीचा लष्करी तुरुंग. सैन्य गेलं, इमारती पाडायला निघाले, १९९३ मध्ये तरुणांनी तिथे ठाण मांडलं, आणि २००३ मध्ये कोठड्यांच्या खोल्या झाल्या, गज तसेच ठेवून. स्कॉटलंडमधल्या लॉख ऑसियनच्या काठावरचं हॉस्टेल म्हणजे तलावातल्या आगबोटीची जुनी प्रतीक्षाखोली. तिथे सार्वजनिक रस्ता नाही. कोरूर नावाच्या स्टेशनावर उतरायचं आणि चालायचं. जपानची कॅप्सूल हॉटेलं, म्हणजे एक माणूस आडवा होईल एवढ्याच खणांची, लोक गंमत म्हणून बघायला जातात. पहिलं ओसाकाला १९७९ मध्ये निघालं, शेवटची गाडी चुकलेल्या नोकरदाराला रात्र काढता यावी म्हणून.

हॉस्टेल ही कल्पनाच अशी जन्मली. १९०९ च्या ऑगस्टमध्ये रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला निघाले होते. वादळात सापडले, एका गावच्या शाळेत आसरा मिळाला, वर्गात पेंढा पसरून मुलं झोपली. बाहेर विजा कडाडत होत्या आणि हे गृहस्थ जागे. त्यांच्या मनात आलं, सुट्टीत शाळा रिकाम्याच तर असतात, चालणाऱ्या मुलांना त्या उघड्या का नसाव्यात? १९१२ मध्ये आल्टेनाच्या किल्ल्यात पहिलं कायमचं हॉस्टेल झालं. आणि एकट्यासाठी यात पैशाची फार मोठी सोय झाली, ती आपण गृहीत धरतो. हॉटेल खोली विकतं, हॉस्टेल खाट विकतं. खोलीत एक झोपा नाहीतर दोघं, भाडं जवळपास तेच, म्हणजे एकटा माणूस नेहमी दुसऱ्याचेही पैसे भरतो. खाटेचा हिशोब माणशी असतो.

याच्या उलट, हल्ली विचित्र दिसावं म्हणूनच बांधलेल्या जागा निघाल्यात. झाडावरची घरं, काचेचे घुमट, अंड्याच्या आकाराच्या खोल्या. हौस असेल तर जरूर जा. पण मी तिथे रमत नाही. एक तर त्या स्वस्त नसतात. दुसरं म्हणजे तिथे तुम्हाला पाहुणा म्हणून बसवून ठेवतात, हातात झाडू देत नाहीत.

झाडू महत्त्वाचा आहे. कुलूप नसलेली जागा टिकते ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या शिस्तीवर. फिनलंडच्या रानात 'आउतिओतुपा' म्हणून खुली घरं असतात, फुकट, एकदोन रात्रींपुरती. तिथला जुना रिवाज असा की शेवटी आलेल्याचा हक्क पहिला. तुम्ही दुपारी पोचून ऐसपैस पसरला असाल, रात्री अकराला दमलेला माणूस दारात आला, आणि जागा नसेल, तर उठून निघायचं ते विश्रांती झालेल्याने. मला हे ऐकून आधी अन्याय वाटला होता. मग एकदा मीच उशिरा पोचले. आतल्या दोघांनी एक शब्दही न बोलता आपल्या पिशव्या सरकवल्या आणि शेगडीत ओंडका टाकला.

नॉर्वेत १८६८ पासूनची पर्यटन संघटना आहे, तिच्या शेकडो केबिन आहेत. सभासदांकडे एक ठरावीक किल्ली, ती कितीतरी केबिनना लागते. काही केबिनमध्ये टिकाऊ अन्नाचं कोठार भरून ठेवलेलं असतं. आपण घेतलं ते आपणच लिहायचं, आपणच पैसे भरायचे. बघायला कुणी नाही. स्पेनमधल्या सांतिआगोच्या तीर्थयात्रेच्या पायवाटेवर काही मुक्कामांत दर नसतो, नुसती दानपेटी असते. तिला फुकट समजून पुढे जाणारे मी पाहिलेत आणि मला ते फार लागतं. कालच्या लोकांनी टाकलेल्या पैशांत आज तुमची व्यवस्था झालेली असते.

आता जिवाचं. मी एकदा एका पत्र्याच्या छोट्या झोपडीत थंडीमुळे दार-खिडकी घट्ट लावून गॅसवर पाणी तापवत बसले होते. डोकं जड झालं, मळमळायला लागलं. उंचीमुळे असेल असं समजून आडवी होणार होते. उलटी येतेय म्हणून दार उघडून बाहेर गेले, आणि थंड हवेत थोड्या वेळाने डोकं उतरलं, तेव्हा कळलं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. झोपले असते तर आज इथे नसते. दोघं असली तर एकाला तरी शंका येते, एकट्याला सावध करणारं कुणी नसतं. बंद जागेत ज्योत पेटवलीत तर हवा खेळती ठेवाच, आणि मुठीत मावणारा बॅटरीचा अलार्म सॅकमध्ये टाका. तेवढ्या वजनाची कुरकुर करू नका.

बायकांच्या चिठ्ठ्या आल्यात, प्रश्न एकच: कडी नसलेल्या घरात अनोळखी पुरुषांबरोबर? मी तुम्हाला भिऊ नका असं सांगणार नाही. माझा नियम असा की बरोबर तंबू असतो, लहानसा, किलोभराचा. दार उघडल्यावर आतलं वातावरण बरं वाटलं नाही तर मी कारण देत बसत नाही, हसून पुढे निघते. तंबू नसेल तर हे जमत नाही, अंधार पडला की मिळेल ते गोड मानावं लागतं. शिवाय फुकट जागा भरलेली असू शकते, त्यालाही तोच उपाय. दोनदा मी अशी निघाले आहे. बाकी सगळ्या रात्री राहिले.

शेवटची चिठ्ठी. पहिल्यांदाच जायचं तर कशी जागा निवडू? जिथे सांभाळणारा माणूस आहे अशी, लॉख ऑसियनसारखी: एकांत आहे, पण आत दिवा आहे आणि परतीची गाडी आहे. आणि दोन रात्रींचं आरक्षण करा. पहिल्या रात्री झोप लागत नाही. वारा, छपराचा आवाज, उंदीर, सगळं ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटक्या गोळा करायला बाहेर पडा, ओल्या असतील तर शेगडीजवळ वाळत घाला. निघायच्या दिवशी त्यांची जुडी बांधून ठेवा, वर्तमानपत्रात.