स्थानबद्धतेचं कॅलेंडर

राष्ट्रीय सुरक्षा आणि नागरिकांचे हक्क, असा विषय निघाला की लगेच तराजू डोळ्यांपुढे येतो. भीतीच्या दिवसांत सुरक्षेचं पारडं आपोआप जड होतं, त्यामुळे तो तराजू मला फारसा कामाचा वाटत नाही. त्यापेक्षा कागदावरच्या तारखा बघाव्यात. आज त्यासाठी एकच कायदा घेऊ: १९८० चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा, म्हणजे बातम्यांतला ‘रासुका’.

आधी एक घोळ मिटवू. अटक वेगळी, स्थानबद्धता वेगळी. अटकेतल्या माणसाला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं, त्याला वकील मिळतो. ही दोन्ही संरक्षणं घटनेच्या अनुच्छेद २२ ने दिली आणि त्याच अनुच्छेदाने स्थानबद्धाला नाकारली. इथे माणसाला आत ठेवतात ते त्याने पुढे काही करू नये म्हणून. त्यामुळे आरोपपत्र नाही, खटला नाही, जामिनाचा अर्जही नाही. हाती उरतात त्या मुदती.

आदेश जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्ताने काढला असेल, तर राज्य सरकारची मंजुरी साधारणपणे १२ दिवसांत यावी लागते. नाही आली तर आदेश संपला. मंजुरीनंतर ७ दिवसांत केंद्राला कळवायचं. कारणं स्थानबद्धाच्या हाती द्यायची, एरवी ५ दिवसांत. प्रकरण ३ आठवड्यांत सल्लागार मंडळापुढे (उच्च न्यायालयाचे आजी-माजी किंवा तसे होण्यास पात्र न्यायाधीश असलेलं, स्थानबद्धता तपासणारं मंडळ), आणि स्थानबद्ध केल्यापासून ७ आठवड्यांत मंडळाचा अहवाल. पुरेसं कारण नाही असं मंडळ म्हणालं, तर सरकारला सोडावंच लागतं. आहे म्हणालं, तर कमाल १२ महिने.

आता आदेश कुठे कोसळतात ते पाहा. पहिली जागा भाषेची. लल्लूभाई पटेल खटल्यात कारणं इंग्रजीत दिली होती आणि स्थानबद्धाला येत होती गुजराती. पोलीस अधिकाऱ्याने सांगितलं, मी त्याला तोंडी समजावलं. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ते मानलं नाही: कारणं त्याला समजणाऱ्या भाषेत लेखी हवीत. नाहीतर बाजू मांडायची तरी कशावरून? दुसरी जागा निवेदनाची. स्थानबद्धाने तुरुंगातून दिलेला अर्ज टेबलाटेबलावर पडून राहतो आणि त्या दिवसांचा हिशेब सरकारला देता येत नाही. काम जास्त होतं, हे उत्तर चालत नाही.

तिसरी चूक जास्त खोल आहे. राममनोहर लोहिया खटल्यात न्या. हिदायतुल्ला यांनी एकात एक तीन वर्तुळं कल्पिली. सर्वांत मोठं कायदा आणि सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सर्वांत आतलं राज्याच्या सुरक्षेचं. जुन्या वैरातून एकाने दुसऱ्याला चाकू मारला, तर तो गंभीर गुन्हा आहे, पण पहिल्याच वर्तुळातला. भर बाजारात दहशतीसाठी चाकू फिरवला आणि दुकानं पटापट बंद झाली, तर दुसऱ्यातला. चाकू तोच, फरक पडतो तो आसपासच्या लोकांच्या जगण्यावर झालेल्या परिणामामुळे. ‘सार्वजनिक सुव्यवस्थेस बाधा’ एवढं छापील वाक्य टाकून हा फरक भरून निघत नाही.

सरकारनेही आपल्या सोयी करून घेतल्या आहेत. १९८४ मध्ये कलम ५-अ आलं. एक कारण पोकळ निघालं तरी बाकीच्यांवर आदेश उभा राहतो. मंडळापुढे स्थानबद्धाला वकिलाचा हक्क नाही. शाळा न पाहिलेल्या माणसाने शेकडो पानांच्या कागदपत्रांवर स्वतःच बोलायचं, ही अपेक्षा मला क्रूर वाटते. सरकारने कायदेतज्ज्ञ आणला, तर स्थानबद्धालाही तशी मदत द्यावी लागेल, एवढी सवलत सर्वोच्च न्यायालयाच्या ए. के. रॉय निकालाने दिली; रासुकालाच आव्हान देणारा तो खटला.

त्याच निकालात आणखी एक प्रश्न होता. आणीबाणीतल्या स्थानबद्धतेचा अनुभव ताजा असताना, १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मंडळाच्या मताशिवाय डांबून ठेवण्याची घटनेतली कमाल मर्यादा ३ महिन्यांवरून २ वर आणली आणि मंडळाची रचनाही कडक केली. संसदेने ती मंजूर केली, राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण अंमल सुरू होण्याची तारीख सरकारने अधिसूचनेने ठरवायची होती. तशी सक्ती सरकारवर करायला न्यायालयाने नकार दिला. दुरुस्तीतली बाकीची कलमं लागू झाली, आणि या एका कलमाची तारीख अजून निघालेली नाही.