777 नको, 2770 करा

[दृश्य: ठाणे, वागळे इस्टेट. गाळ्यातलं छोटं ड्रॉइंग ऑफिस, कोपऱ्यात सर्व्हर.]

इथे सहा जण एकाच लिनक्स सर्व्हरवर ड्रॉइंग ठेवतात. सकाळी एकाने केलेली फाइल दुपारी दुसऱ्याला उघडता येते, सेव्ह मात्र होत नाही. ‘परमिशन डिनाइड.’ अशा वेळी डिरेक्टरीला, म्हणजे फोल्डरला, सरळ 777 (सगळ्यांना सगळ्या परवानग्या) मारून मोकळं व्हायची सवय असते. त्याने सर्व्हरवर खातं असलेल्या कुणालाही तिथे लिहायची मुभा मिळते, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

[क्लोजअप: परवानग्या दाखवणाऱ्या ‘एलएस -एलडी’ कमांडचं उत्तर]

सुरुवातीचं ‘डी’ म्हणजे डिरेक्टरी. पुढची तीन अक्षरं मालकाची, मग तीन ग्रुपची, शेवटची तीन बाकीच्यांची. अक्षरं फाइलला असतात तीच, पण अर्थ निराळा. डिरेक्टरी ही नावांची वही समजा. ‘आर’ असेल तर नावं वाचता येतात. ‘एक्स’ असेल तर आत शिरता येतं. नुसता ‘आर’ दिला तर नावं दिसतील, फाइल एकही उघडणार नाही. ‘डब्ल्यू’ने वहीत नाव लिहिता, बदलता, खोडता येतं, त्यालाही ‘एक्स’ची जोड लागते. आकड्यांत ‘आर’चे 4, ‘डब्ल्यू’चे 2, ‘एक्स’चा 1; मालक, ग्रुप, बाकीचे या क्रमाने प्रत्येकाची बेरीज लिहायची.

इथे भलेभले फसतात. फाइल 444 करून ठेवली, तरी डिरेक्टरीवर ‘डब्ल्यू’ आणि ‘एक्स’ असलेला माणूस ती उडवू शकतो. खोडलं जातं ते वहीतलं नाव, म्हणून परवानगीही वहीचीच बघितली जाते. एकमेकांच्या फाइली उडू नयेत असं वाटत असेल, तर दुसऱ्याची फाइल खोडू न देणारा स्टिकी बिट लावून, पुढे येणाऱ्या 2770 ऐवजी 3770 करा.

आता दुरुस्ती. सहाही जणांसाठी एक ग्रुप काढा. ‘यूजरमॉड’ने माणूस त्यात घालताना कॅपिटल ‘जी’च्या आधी छोटा ‘ए’ हवाच. तो राहिला, तर त्या माणसाचे बाकीचे जोडग्रुप जातात, अ‍ॅडमिनचे अधिकार देणाऱ्या सुडोसकट. मग लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. त्याशिवाय नवा ग्रुप लागू होत नाही.

डिरेक्टरीचा ग्रुप ‘सीएचग्रुप’ने बदला आणि ‘सीएचमॉड 2770’ द्या. पुढचा 2 म्हणजे सेटजिड. एरवी लिनक्सवर नवी फाइल बनवणाऱ्याच्या स्वतःच्या ग्रुपात जाते. सेटजिडमुळे ती डिरेक्टरीच्या ग्रुपात येते. आतल्या नव्या डिरेक्टऱ्यांनाही हा बिट आपोआप मिळतो.

[क्लोजअप: ग्रुपच्या तीन अक्षरांत ‘एक्स’च्या जागी छोटा ‘एस’]

इथे कॅपिटल ‘एस’ दिसला, तर ग्रुपचा ‘एक्स’ राहून गेलाय.

एवढं करूनही सेव्ह होत नसेल, तर यूमास्क बघा, म्हणजे नव्या फाइलीतून कुठल्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा. 022 असेल तर नवी फाइल 644 होते, म्हणजे ग्रुपला फक्त वाचता येतं. 002 केलं की 664. ग्रुप बरोबर आणि यूमास्क चुकीचं, हे फार वेळा घडतं.

जुन्या फाइलींना सेटजिड हात लावत नाही. त्यांचा ग्रुप वेगळा बदलावा लागतो. आतल्या डिरेक्टऱ्यांना 2770 द्यायचं तर ‘फाइंड’ला ‘-टाइप डी’ सांगून फक्त डिरेक्टऱ्या निवडा. ‘सीएचमॉड’ला सरसकट कॅपिटल ‘-आर’ (आतल्या सगळ्यांना लागू) लावलं तर प्रत्येक ड्रॉइंग चालवता येणारा प्रोग्राम ठरतं. आणि घरच्या डिरेक्टरीतून फाइल आणताना ‘सीपी’ वापरा. एकाच डिस्कवर ‘एमव्ही’ केलं, तर फाइल जुना ग्रुप सोबत घेऊन येते.